वास न येणारं घर

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. हे मी कुणाला सांगितलं की तो माझ्याकडे संशयानं बघतो. गॅस एजन्सीत तीसेक वर्षं मेकॅनिक होता म्हणे, मग हिंडत होता की काय नुसताच! पण खरं तेच आहे. आपल्याला जो कुजक्या कोबीसारखा वास येतो, तो सिलिंडरमध्ये भरण्याआधी गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. कशासाठी? तर माणसानं घाबरावं म्हणून. घाबरला तर खिडकी उघडेल, बटण बंद करेल, बाहेर पळेल. माझी सगळी नोकरी त्या मुद्दाम घातलेल्या भीतीवर चालली.

या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मेकॅनिकचे कसले अनुभव? गेलो, वायसर बदललं, आलो. मग एकदा दुपारी पडल्या पडल्या वाटलं, टाळेबंदीच्या त्या दोन उन्हाळ्यांत जळगावातल्या लोकांच्या स्वयंपाकघरात शिरलेला परका माणूस बहुधा मीच. पाहुणे बंद, मोलकरणी बंद, सख्खे भाऊ दारातूनच रामराम करून परत फिरत होते. पण गॅस गळायला लागला की कितीही भित्रा माणूस दार उघडतो. तेव्हा म्हटलं, बघितलंय तर लिहावं.

आमचं काम सोपं. पिशवीत एक पाना, रबरी वायसरांची पुडी, नळीचा तुकडा आणि साबणाच्या पाण्याची बाटली. पण पहिलं हत्यार म्हणजे नाक. गळती आहे हे नाक सांगतं, कुठून आहे ते फेस सांगतो. जोडावर फेस लावायचा, बुडबुडा आला की चोर सापडला. हा गॅस हवेपेक्षा जड, पाण्यासारखा खाली बसतो, म्हणून आम्ही ओट्याखाली वाकून वास घेतो. आणि वास घ्यायचा तर तोंडावरचा मास्क खाली ओढावा लागतो. त्या दिवसांत सगळी दुनिया नाक झाकून फिरत होती, आणि माझी भाकरी नाक उघडं करण्यावर. बायको रोज सकाळी मास्क हातात द्यायची आणि म्हणायची, "काढू नका हां." मी मान डोलवायचो. तिला माझं काम काय असतं हे मी बत्तीस वर्षांच्या संसारात कधी नीट सांगितलं नव्हतं, तेच बरं झालं.

पहिल्या टाळेबंदीत भीती होती, पण तिला अजून हौसेची फोडणी होती. लोकांना वेळ कसा घालवावा कळेना, तेव्हा त्यांनी तो कढईत घातला. एका घरी गेलो तर कुकरमध्ये मीठ पसरून केक भाजत होते आणि कुकरचं बूड लाल होऊन वर धूर. म्हणे मोबाइलवर दाखवलं तसंच केलं. शेवेची दुकानं बंद पडली, आणि शेवेवाचून जळगावकराचं जेवण म्हणजे कुंकवावाचून कपाळ. मग घरोघरी शेव पाडायचे सोरे बाहेर निघाले. ज्या पुरुषांना पाण्याचा माठ कुठे असतो ते ठाऊक नव्हतं, ते बट्ट्या तळत होते आणि बायका दाराशी उभं राहून हसत होत्या. यावल-फैजपूरकडची केळी बाहेर जाईनात, तेव्हा कोणाकडे जावं तिथे केळीच. केळ्याची भाजी, केळ्याचे काप, केळ्याची कोशिंबीर. एका घरात तर मी वायसर बदलून निघालो तर बाईनं अर्धा घड हातात दिला आणि म्हणाली, "भाऊ, न्या हो, नाहीतर ह्यांना परत तेच खावं लागेल."

तेव्हा एकच खूण मला घाबरवायची, ती म्हणजे चकचकीत शेगडी. सगळ्या गावात शेगड्या तेलकट झाल्या होत्या. पण एका रिक्षावाल्याच्या घरी नळी तपासायला गेलो तर शेगडी नवीकोरी असल्यासारखी पुसलेली आणि ओट्यावर काहीही नाही. त्याची बायको म्हणाली, "आमचा सिलिंडर चालतो बऱ्यापैकी." संध्याकाळी माझ्या बायकोनं बांधून दिलेलं पीठ-डाळ घेऊन परत गेलो, तर त्या माउलीनं आधी पुन्हा शेगडी पुसून घेतली.

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र सगळं पालटलं. ओळखीच्यांची नावं कानावर येऊ लागली आणि तळणं एकाएकी थांबलं. स्वयंपाकघरात औषधाच्या दुकानासारखा वास येऊ लागला. सुंठ, मिरी, दालचिनी, ओवा. एका शेगडीवर वाफेचं पाणी, दुसरीवर काढा, दिवसभर. एका घरात, जिथे कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, सिलिंडर ओढला तर मागे अंड्यांचा ट्रे. घरधनीण हात जोडून म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय. सासूबाईंना सांगू नका." निघताना ओसरीवर बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, ट्रे नीट झाकला ना परत?"

हसायचं तेवढं एवढंच. बाकी घरांत नुसती भीती. लोक खिडक्या लावून बसले. बाहेरची हवा नको, म्हणून फटींना चिकटपट्टी. मी आयुष्यभर सांगत आलो की स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा, आणि आता लोक खिडकी उघडी दिसली की शेजाऱ्याशी भांडत होते.

अशात आबांचा फोन आला. पिंप्राळ्याच्या बाजूला राहायचे. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर सगळी नोकरी झालेली, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू वजन केल्याशिवाय त्यांच्या पचनी पडत नसे. सिलिंडर आला की दारातच हुकाच्या काट्याला लावून मोजत. आमची पोरं त्यांच्या गल्लीत जायला कुरकुरत. मी मात्र त्यांना मानायचो. भांडखोर होते, पण खोटं भांडत नसत.

"तुम्हा लोकांना लाज कशी नाही?" आबा फोनवर कडाडले. "इथं माणसं मरताहेत आणि तुम्ही गॅस चोरता! सिलिंडर येतो तेव्हा वजन बरोबर, आणि निम्म्या दिवसांत खलास. कसा काय?"

मी म्हटलं, "आबा, येऊन बघतो."

गल्लीत कुत्रं नव्हतं. दारापुढच्या ओट्यावर पहिला पाय ठेवला आणि नाकानंच मला मागे ढकललं. मी मास्क खाली केला. दाराच्या खालच्या फटीतून वास येत होता. थोडाथोडका नाही, एखाद्या खोलीत तो साचला की जसा डोळ्यांत उतरतो, तसा. मी बेल दाबणार होतो. बोट तसंच मागे घेतलं. बेलच्या बटणाची ठिणगीसुद्धा पुरते. दारावर हातानं थाप मारली.

आबांनी दार उघडलं. तोंडाला उपरणं, हातात तो हुकाचा काटा. मागे घर सगळं बंद, खिडक्यांच्या फटींना वर्तमानपत्राचे कागद डकवलेले.

"या. आता तुमच्यासमोरच मोजतो," ते म्हणाले.

"आबा, वास येत नाही तुम्हाला?"

"कसला वास?"

ते मुद्दाम विचारत नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला. "आबा, भाऊंना बसवा. चहा ठेवते."

आपल्या खानदेशात आल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय जाऊ देत नाहीत. महामारी असो, टाळेबंदी असो. आतून लायटरच्या साखळीचा आवाज आला. खिळ्यावरून लायटर काढल्याचा.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. आबांना बाजूला सारून आत शिरलो तेव्हा ती पोरगी ओट्यापाशी उभी होती, लायटर शेगडीच्या तोंडाशी. मी तिचं मनगटच धरलं. एरवी परक्याच्या सुनेला असा हात लावला असता तर मला गल्लीनं बडवलं असतं.

"ताई, हे खाली ठेवा. हळू. कुठलंही बटण दाबू नका. पंखा चालू आहे तो राहू द्या."

तिनं लायटर ठेवला. मी खाली वाकून रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं, खिडकीवरचे कागद टराटरा फाडले. मग शेगडीकडे बघितलं. लहान ज्योतीवर काढ्याचं पातेलं होतं, हाताला गार लागलं. काढा केव्हातरी उतू गेला होता, ज्योत विझली होती, आणि कळ उघडीच. त्या काळात घरोघरी काढा असा बारीक आचेवर दिवसभर ठेवलेला असायचा. शेगडीवर उतू गेल्याचे एकावर एक काळे थर होते. म्हणजे आजची ही पहिली वेळ नव्हती.

"ताई, ही विझलेली दिसली की तुम्ही काय करता?"

"परत लावते ना," ती म्हणाली. "लायटरनं."

सिलिंडर निम्म्यात का संपत होता ते कळलं. आणि कितीदा त्या पोरीनं साचलेल्या गॅसमध्ये ठिणगी पाडली असेल आणि कितीदा नशिबानं तो पुरेसा साचलेला नसेल, हेही कळलं. आज मात्र पुरेसा होता.

तेवढ्यात कोपऱ्यात काहीतरी हललं म्हणून बघितलं, तर देवघराच्या फळीवर दिवा. पेटलेला. वात शांतपणे जळत होती. गॅस खालून वर चढत होता आणि दिवा छातीएवढ्या उंचीवर. फळीसमोर आबांची म्हातारी बायको बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत. साक्रीकडचं माहेर, अहिराणीशिवाय दुसरी भाषा तिच्या तोंडाला शिवली नाही.

"अक्का, दिवा इझाडना पडी," मी म्हटलं.

ती उठली आणि देवघरासमोर आडवी उभी राहिली. "नही रे भाऊ. मना इलासना दिवा शे तो. तो घर येस तोपावत इझाडाना नही."

विलास तिचा मुलगा, या सुनेचा नवरा. जळगावात कुठेच खाट मिळाली नाही, म्हणून त्याला धुळ्याला नेलं होतं आणि तो तिथे प्राणवायूवर होता. अक्कानं त्या दिवशी दिवा लावला आणि तेव्हापासून विझू दिला नव्हता.

"अक्का, बठ्ठा घरमा गॅस भरेल शे."

"कोठे शे? माले तं काहीच वास येस नही."

"कव्हयपाईन येस नही?"

सून मागून म्हणाली, "आई, गप्प बसा ना."

"काय गप्प?" अक्का म्हणाली. "काही दिन व्हयनात. नाकले वास नही, तोंडले चव नही. सूनबाईले बी तसंच, आबाले बी. आबा रोज भांडतस, भाजीमा मीठ नही म्हनीसन. आते त्या तं जलमभर भांडतस. कोन ध्यान देई?"

मागच्या दारातून हवा येऊ लागली होती आणि दिव्याची ज्योत डोलायला लागली होती. मला त्या क्षणी दोन भीती एकदम वाटल्या. एक पायाखालची, एक नाकातोंडातून आत शिरणारी. मास्क गळ्यात लोंबत होता. पळून जावं असं वाटलं, अगदी खरं सांगतो. पण पाय हलले ते दिव्याकडे. मी माठात बोटं बुडवली, अक्काच्या हाताखालून हात घातला आणि वात चिमटीत धरली.

चुर्र आवाज झाला. अक्का ओरडली नाही. तिनं माझं मनगट धरलं होतं, ते तसंच धरून राहिली.

"इलास जगी ना रे भाऊ?"

मी म्हटलं, "गॅस बंद व्हई गया, अक्का."

सगळ्यांना बाहेरच्या ओट्यावर आणून बसवलं. मी तपासणी करून घ्या म्हणून विनवलं, तर सून रडायला लागली. दारावर पाटी लागेल, गल्लीतले दूध बंद करतील, आम्हाला उचलून नेलं तर धुळ्याहून फोन आला तर तो घ्यायला कोण? यातलं एकही कारण मला खोडता येईना. तरी म्हटलं, ताई, नाक नसलेल्या घरात गॅस आणि दिवा दोन्ही नको. शेवटी ती हो म्हणाली. काटा मांडीवर धरून आबांनी विचारलं, "म्हणजे सिलिंडर बरोबर होता?"

"बरोबर होता, आबा."

ते त्याच करड्या आवाजात म्हणाले, "मग माझी तक्रार मागे घेतली."

घरी येऊन मी अंगणातच कपडे काढले आणि बायकोला लांब राहायला सांगितलं. मागच्या खोलीत वेगळा राहू लागलो. अंगात बारीक कणकण होती ती थकव्याची समजत होतो आणि मुकाट कामावरही जात होतो, कारण दुसरा मेकॅनिक आधीच आजारी होता. मग एका सकाळी बायकोनं तव्यावर मिरच्या भाजल्या. ठेच्यासाठी. खोलीत धूर आला, मला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आणि मी खोकता खोकता थांबलो. ठसका होता, वास नव्हता. मिरची घशाला कळत होती, नाकाला नाही. मी धावत साबणाची वडी नाकाशी नेली. मग रॉकेलची चिंधी. मग पिशवीतली जुनी नळी, जिला कायमचा गॅसचा वास असतो. काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं.

तेव्हा जी भीती वाटली तशी त्या घरातही वाटली नव्हती. कारण आदल्या दिवशी मी काही घरांत गेलो होतो. ओट्याखाली वाकून वास घेतला होता आणि म्हणालो होतो, "काही वास नाही, निर्धास्त राहा." तेव्हा नाक शाबूत होतं की नव्हतं? कुणास ठाऊक! मी अंथरुणावरून एकेका घरी फोन लावला. खिडक्या उघडा, घरात ज्याला वास येतो त्याला खाली वाकायला सांगा, साबणाचा फेस असा करा, इथे लावा, बुडबुडा दिसतो का सांगा. फोन कानाला धरून मी पलीकडच्या शांततेत मरून मरून जगत होतो. एका बाईनं तर मला विचारलं, "भाऊ, तुम्ही काल पाहून गेलात ना?" सुदैवानं कुठेच बुडबुडा निघाला नाही.

एकच नंबर मी लावला नाही. आबांच्या घरचा. रोज मोबाइल हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. बायकोला सगळं सांगितलं होतं. ती दाराबाहेर बसून म्हणायची, "वेड्यासारखं काय करता? दिवा विझवला म्हणून कुणी मरत नसतं."

मला ते कळत होतं. मी मेकॅनिक आहे, भगत नाही. पण डोळा लागला की ती चुर्र ऐकू यायची आणि मनगटावर म्हातारीची पकड जाणवायची. विलास गेला असेल तर ती म्हणेल, भाऊ आला आणि त्यानं माझा दिवा विझवला. तिचं चुकलं असं मला तिच्या तोंडावर सांगता आलं असतं का? नसतं.

ताप उतरला, अंगात ताकद आली, नाक आलं नाही. आखाजी आली ती अशीच.

इतरांच्या अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमची दिवाळी एका पारड्यात आणि आखाजी दुसऱ्यात. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबांना झोके बांधतात, आमरस आणि सांजोऱ्या होतात. पण सकाळ असते ती गेलेल्या माणसांची. पाण्यानं भरलेली नवी घागर मांडायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, पूर्वजांच्या नावानं. आणि घरातलं कुणी त्या वर्षात गेलं असेल तर त्याच्या नावाची घागर वेगळी. मग कुणाला तरी बोलावून पाटावर बसवतात आणि त्या गेलेल्या माणसाच्या नावानं जेवू घालतात. त्याला आम्ही पितर म्हणतो. तो जेवला की गेलेला जेवला.

त्या सकाळी फोन वाजला. आबांच्या सुनेचा. "भाऊ, आईंनी बोलावलंय. शेगडी तपासायचीय. तुम्हीच या म्हणताहेत."

विचारावं असं ओठावर आलं, पण विचारलं नाही. फोनवर ऐकण्यापेक्षा बघितलेलं बरं, असं वाटलं. किंवा ऐकणं तेवढंच लांबवायचं असेल. रस्त्यात एकाही निंबाला झोका नव्हता. गल्लीत शिरलो तर त्यांचं दार सताड उघडं, खिडक्या उघड्या. ओट्यावरूनच आत नजर गेली.

घागरी दोन होत्या.

मी ओट्याच्या पायरीवरच थबकलो. परत फिरायला पाय उचललासुद्धा. तेवढ्यात आतून कुणीतरी भिंतीला धरत धरत आलं. गालफडं बसलेली, सदरा अंगावर टांगल्यासारखा. मी त्याला आधी पाहिलं होतं ते चांगलं भरलेलं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"या ना भाऊ," विलास म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्याकडे बघून हसत होतो आणि रडत होतो, आणि मग मला दुसरी घागर आठवली. भिंतीवर खिळ्याला तो हुकाचा काटा टांगलेला होता. त्याच्या शेजारी हार घातलेला फोटो.

"दवाखान्यात नेलं तेव्हाच उशीर झाला होता," विलास हळूच म्हणाला. "मी तिकडून सुटलो आणि आबा इकडे."

अक्का आतून आली. आकसून अर्धी झाली होती. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल, दिव्याचं. ती म्हणाली, "जेवाले बस, भाऊ. आबाना पाटवर. कोनीच येस नही. बठ्ठा भ्यातस."

"अक्का, मी?"

"तू नही तं कोन? तू आमना घर मा घुसना तव्हय भ्यायना व्हता का?"

"भ्यायना व्हतू ना," मी म्हटलं. "भलता भ्यायना व्हतू."

"मंग बस. भ्यायेल मानूसच माले पाहिजे." तिनं देवघराकडे बोट केलं. फळीवर दिवा होता, तेल घातलेला, वात नवी. पेटलेला नव्हता. "सकायपाईन तुनी वाट देखी ऱ्हायनू. माले अजून वास येस नही, सूनबाईले नही. तू पहिले वास ले. मंग दिवा लावू."

मी तिथेच मटकन खाली बसलो. सांगावंच लागलं. "अक्का, मना नाक बी गया."

विलासनं मान हलवली, त्यालाही काही येत नव्हतं. चार माणसं, चार नाकं, आणि त्या घरात दिवा लावायचा की नाही हे सांगणारं कुणी नाही. बाहेर गल्लीत हाक मारून एखाद्याला आणावं, तर दारात कोण येणार होतं?

मी पिशवी उघडली. वाटीत फेस केला. सिलिंडरचं तोंड, रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, शेगडीच्या कळा, एकेक जोड फेसानं माखला आणि डोळे फाडून बघत बसलो. पुन्हा पुसला, पुन्हा माखला. गुडघे दुखायला लागले. बुडबुडा नाही. तरी उठवेना. तीस वर्षं डोळ्यांनी बघून झालं की शेवटी नाकाला विचारायचो, आणि नाक म्हणायचं, हो, जा. आता विचारायला कुणी नव्हतं.

"अक्का, लावा," मी म्हटलं. माझाच आवाज मला खरा वाटला नाही.

तिनं काडेपेटी माझ्या हातात दिली. "तू इझाडा व्हता. तूच लाव."

आयुष्यभर मी लोकांना एकच गोष्ट शिकवली, खात्री नसेल तर काडी ओढू नका. विलास दाराशी गेला, बायकोला त्यानं बाहेरच्या ओट्यावर नेलं. अक्का मात्र माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मी काडी पेटीवर ठेवली. पहिली काडी मोडली. दुसरी ओढली.

ज्योत पिवळी आणि लहान उभी राहिली. वातीला लावली. दिवा लागला आणि घर होतं तसंच राहिलं.

मला पाटावर बसवलं. ताटात सांजोऱ्या, कुरडया, वाटीत आमरस. अक्का समोर बसली, हातात पंखा घेऊन, आबांना वारा घालायची तशी. मी वाटी तोंडाला लावली. गार लागलं, दाट लागलं. बाकी काही नाही. गोड की आंबट, आंबा की भोपळा, काही कळलं नाही.

"कसा शे रस?" अक्कानं विचारलं.

तिलाही चव नव्हती. रांधलं कसं ते तिलाच माहीत. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. गोड शे, असं म्हणणार होतो, तोंडात आलंच होतं. मग खिळ्यावरच्या काट्याकडे लक्ष गेलं. या पाटावर बसून आबांनी कधी काही गोड म्हटलं नसणार.

"रस जरा पातय व्हई गया, अक्का," मी कपाळाला आठी घालून म्हटलं. "अन् सांजोरीमा मीठ नही."

तिचा पंखा थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग एकदम हसली, पदर तोंडात कोंबून, आणि हसता हसता तिचे खांदे गदगदू लागले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि आत वळून हाक मारली.

"सूनबाई, आबाले घट्ट रस आन."